कोर्टात स्टेनो व्हायचंय तर तयारी कुठून सुरू करायची

जिल्हा कोर्टात स्टेनो म्हणून बसलात की एक वाक्य तुम्ही जवळपास रोज टाइप कराल. "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." उलटतपासाच्या शेवटी वकीलसाहेब साक्षीदाराला सुचवतात की तू खोटं सांगतोयस, साक्षीदार म्हणतो नाही साहेब, आणि रेकॉर्डवर ते असं उतरतं. आता घाईत शेवटचा "खरे नाही" मधला "नाही" राहिला तर काय होईल बघा. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की मी खोटं बोलतोय, असा कागद तयार झाला. अपील वर गेलं की तिथल्या न्यायाधीशांना तो साक्षीदार दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्यांच्या पुढ्यात फक्त तुम्ही टाइप केलेलं असतं. मी चौदा वर्षं हे काम करतेय आणि नवीन मुलंमुली विचारायला आली की पहिल्यांदा हेच सांगते, कारण क्लासमध्ये स्पीडबद्दल सगळे बोलतात पण हे कोणी सांगत नाही.

आधी काम काय असतं ते नीट समजून घ्या. बरेच जण अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात. तिकडे कोर्ट रिपोर्टर बावीसेक बटणांच्या छोट्या मशीनवर एकदम तीनचार बटणं दाबून अख्खा उच्चार उमटवतो, प्रश्न आणि उत्तर शब्दनशब्द, आणि तिकडच्या आरपीआर नावाच्या सर्टिफिकेटला प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला २२५ शब्द लागतो. ते मशीन आपल्या जिल्हा कोर्टात नाही, त्याच्यासाठी पैसे घालवू नका. आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. वकील विचारतात, साक्षीदार मराठीत सांगतो, न्यायाधीश ते ऐकून कथनाच्या रूपात वाक्य करतात आणि स्टेनोला सांगतात, स्टेनो तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर टाइप करतो. सेशन्स खटल्यात साक्ष साधारणपणे कथनरूपात घ्यायची हे कायद्यातच आहे, पूर्वी सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम २७६ होतं, आता तिच्या जागी आलेल्या नागरी सुरक्षा संहितेचं ३११. एखादा प्रश्न फार महत्त्वाचा असेल किंवा वकिलांनी आग्रह धरला तर तेवढाच प्रश्न-उत्तर स्वरूपात घेतात. दिवाणी दाव्यात २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपास, म्हणजे साक्षीदाराने स्वतःच्या बाजूने सांगायची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर येतो, म्हणजे तुमच्या वाट्याला मुख्यतः उलटतपास.

म्हणजे गंमत बघा, कोर्टहॉलमध्ये साक्ष चालू असताना तुमची शॉर्टहँडची, म्हणजे झरझर लिहायच्या खुणांच्या लिपीची, वही बहुतेक वेळा बंदच असते आणि सगळं काम की-बोर्डवर. वही उघडते ती चेंबरमध्ये, जेव्हा साहेब किंवा मॅडम जजमेंट सांगायला बसतात, किंवा जामीन अर्जावर ऑर्डर देतात, आणि तिथे मात्र चाळीस चाळीस मिनिटं न थांबता डिक्टेशन चालू शकतं. दोन्ही कौशल्यं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

पात्रतेचं सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी एकत्र जाहिरात काढली होती, ४,६२९ जागा, त्यात स्टेनोग्राफर श्रेणी ३, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल अशी पदं होती. स्टेनो श्रेणी ३ साठी पदवी, इंग्रजी शॉर्टहँड १००, इंग्रजी टायपिंग ४०, मराठी शॉर्टहँड ८०, मराठी टायपिंग ३० (हे सगळे आकडे म्हणजे मिनिटाला शब्द), आणि एमएस-सीआयटी किंवा तत्सम कॉम्प्युटर सर्टिफिकेट. वय १८ ते ३८, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. पगाराची पातळी एस-१४, म्हणजे मूळ वेतन ३८,६०० पासून, आणि त्याच जाहिरातीत कनिष्ठ लिपिकाचं १९,९०० पासून होतं, तेव्हा दोन वर्षं शॉर्टहँडला घालवायची का असं घरचे विचारतात ना, त्यांना हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा. उच्च न्यायालयातल्या जागा वेगळ्या निघतात, तिथे कारभार इंग्रजीत चालतो त्यामुळे इंग्रजीचाच वेग बघतात, आणि वरच्या वैयक्तिक सहायक पदाला १२० लागतो. पुढच्या जाहिरातीत अटी बदलू शकतात म्हणून अर्ज करताना ती जाहिरात स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचायची, मैत्रिणीने सांगितलं म्हणून नाही.

सर्टिफिकेट कुठून मिळवायचं? महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्या शासकीय परीक्षा असतात. टायपिंगसाठी जीसीसी-टीबीसी, इंग्रजी ३० आणि ४०, मराठी ३० आणि ४०. शॉर्टहँडसाठी मराठी ६०, ८०, १००, १२० आणि इंग्रजी ६० पासून वर वर. परीक्षेला मान्यताप्राप्त टायपिंग इन्स्टिट्यूटमधूनच बसता येतं, त्यामुळे प्रवेश घेताना मान्यता आहे का, शॉर्टहँड शिकवणारे सर-मॅडम खरोखर वर्गावर येतात का, की नुसता फॉर्म भरून घेतात, हे तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांना विचारा. माझ्या तालुक्यात एका ठिकाणी मी सहा महिन्यांची फी भरली आणि शॉर्टहँडच्या सरांना एकूण आठ वेळा बघितलं असेन, ते सहा महिने गेलेच. आयटीआयमध्ये पण स्टेनोग्राफरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, फी कमी असते, जवळ असेल तर जरूर बघा.

आता क्रम. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यात आधी टायपिंग, आणि त्यातही मराठी. लोक उलटं करतात. इंग्रजी टायपिंग करतात, इंग्रजी शॉर्टहँडच्या मागे लागतात, मराठी टायपिंग ३० चं सर्टिफिकेट कसंबसं काढतात आणि सोडून देतात. पण २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनंतर राज्यातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, साक्षी मराठीत येतात, आणि तुमची मराठीची बोटं मिनिटाला ३० वर अडखळत असतील तर पहिल्याच दिवशी साहेब थांबलेत, वकील थांबलेत, साक्षीदार थांबलाय आणि सगळे तुमच्या स्क्रीनकडे बघतायत अशी अवस्था होते. मी यातून गेलेय. रुजू झाल्यावर पहिले तीन महिने मी रोज रात्री घरी दोन तास मराठी टायपिंग केलं, जे मी आधीच करायला हवं होतं. सर्टिफिकेट ३० चं असू द्या, हातात किमान ४५ आणा.

ले-आउटचा, म्हणजे की-बोर्डवर कोणतं अक्षर कुठे याचा, गोंधळ आधीच मिटवा. इन्स्टिट्यूटमध्ये बहुतेक ठिकाणी रेमिंग्टन शिकवतात, काही ठिकाणी इनस्क्रिप्ट. कोणतंही एक धरा आणि युनिकोडमध्येच सराव करा, कारण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसता कचरा दिसतो. फोनवर आपण जसं इंग्रजी अक्षरं मारून मराठी काढतो ती सवय टायपिंगला बसताना पूर्ण बाजूला ठेवा, तिच्यात शब्द यंत्र सुचवतं आणि तुम्ही निवडता, कोर्टात निवडायला वेळ नसतो. जोडाक्षरांचा वेगळा सराव करा. प्रतिज्ञापत्र, दुय्यम निबंधक, न्यायनिर्णय, हस्ताक्षर, मृत्युपूर्व जबाब, स्वाक्षरी, पुष्ट्यर्थ. हे शब्द बोटांत बसेपर्यंत, म्हणजे डोळे मिटून येईपर्यंत.

टायपिंगला साधारण सहा महिने झाले की शॉर्टहँड सुरू करा, टायपिंग मात्र बंद करायचं नाही.

शॉर्टहँड म्हणजे पिटमन, आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये काढलेली पद्धत, आणि आपल्याकडच्या क्लासमध्ये अजूनही तीच चालते. मुळात ती उच्चाराची लिपी आहे. स्पेलिंग विसरायचं आणि कानाला काय ऐकू आलं ते काढायचं. प आणि ब ला एकच रेघ, प ला हलकी आणि ब ला दाबून. ट-ड, क-ग, फ-व यांचंही तसंच. स साठी छोटं वर्तुळ, र आणि ल साठी सुरुवातीला हुक, न साठी शेवटी हुक, शेवटी ट किंवा ड असेल तर रेघच अर्धी करायची. स्वर म्हणजे बाजूला ठिपके आणि छोट्या रेघा. आणि जी गोष्ट पहिल्या आठवड्यात कंटाळवाणी वाटते पण पुढे तीच वाचवते ती म्हणजे पोझिशन, आउटलाइन (एका शब्दासाठी काढलेली खूण) ओळीच्या वर, ओळीवर की ओळीतून आरपार, यावरून पहिला स्वर कोणता ते कळतं. वेगात लिहिताना स्वर सुटतात, सगळ्यांचेच सुटतात, मग उरतो तो व्यंजनांचा सांगाडा आणि त्याची जागा.

मराठीत हे किती महत्त्वाचं आहे ते बघा. म आणि ल काढलं, स्वर नाही लावले. आता वाचा. मला? मेला? माल? मूल? खुनाच्या खटल्यात "तो मेला" आणि "तो मला" यात काय फरक पडतो ते सांगायला नको. इंग्रजीत प्रॉसिक्यूशन आणि पर्सिक्यूशन, व्यंजनं तंतोतंत तीच. म्हणून थिअरी शिकताना घाई करू नका. चारपाच महिने थिअरीला द्या, प्रत्येक धड्याचे शब्द दहा-दहा ओळी काढा, आणि वळण चांगलं ठेवा. हलकं-दाबून याला फाउंटन पेन किंवा मऊ पेन्सिल लागते, बॉलपेनने तो फरक दिसत नाही. मी पेन्सिल वापरते, एकावेळी तीन, दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या. वही वरून पलटणारी स्पायरल घ्या, सगळी समोरची पानं लिहून मग वही उलटी करायची, आणि पानाच्या शेवटच्या दोनतीन ओळी राहिल्या की डाव्या हाताने पान थोडं वर सरकवत राहायचं म्हणजे पलटताना शब्द जात नाहीत. पानाच्या वर रोज तारीख.

मराठी शॉर्टहँड आणि इंग्रजी शॉर्टहँड एकदम सुरू करू नका. एकाचे ६० होऊ द्या मग दुसरं. मी इंग्रजी आधी केलं कारण इंग्रजीचं साहित्य जास्त मिळतं, पण ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांनी बिनधास्त मराठीने सुरुवात करावी. इंग्रजी कच्चं असणं हा या कामाला अडथळा नाही, पण ते कच्चंच ठेवणं हा आहे, कारण शंभरच्या वेगात ऐकलेला शब्द माहितीचाच नसेल तर आउटलाइन कितीही छान काढा, उतरवताना चुकीचाच शब्द लिहाल. रोज एक जजमेंट वाचा. ई-कोर्ट्सच्या साइटवर ऑर्डर आणि निकाल फुकट मिळतात, आपल्याच जिल्ह्यातले मराठी निकाल उघडा, सरळ तोच सरावाचा उतारा करा.

डिक्टेशनचा सराव कसा करायचा, हे जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळे अडकतात. उतारा घ्या आणि शब्द मोजून खुणा करा. ८० साठी दर २० शब्दांवर, १०० साठी दर २५ शब्दांवर. एक खूण ते दुसरी खूण बरोबर १५ सेकंद. घरातलं कोणीही घड्याळ बघून वाचू शकतं, माझी आई वाचायची, तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं तरी मराठीचे उतारे तिने दोन वर्षं वाचले, ओट्याजवळ उभी राहून. कोणी नसेल तर फोनवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. एक उतारा चार वेळा घ्यायचा. पहिल्यांदा आपल्या झेपेल त्या वेगाने. मग जे शब्द अडले ते वेगळ्या पानावर काढून त्यांची आउटलाइन पक्की करायची, दहादहा वेळा. मग दुसऱ्यांदा दहा शब्द जास्त वेगाने. तिसऱ्यांदा आणखी दहा. तिसऱ्यांदा सुटेल, सुटू द्या, हाताला कळायला हवं की असा वेग असतो. आणि शेवटी पुन्हा मूळ वेगाने घेतलं की तो वेग हळू वाटतो. उतारा पाच मिनिटांचा ठेवून भागत नाही, आठवड्यातून दोनदा तरी दहा मिनिटांचा घ्या, म्हणजे ८० च्या वेगाने ८०० शब्द, कारण सहाव्या मिनिटाला मनगट भरून येतं आणि परीक्षेत खऱ्या चुका तिथेच होतात.

सुटलं तर थांबायचं नाही. रिकामी जागा ठेवायची आणि पुढचा शब्द धरायचा. हे बोलायला सोपं आहे, पण मन मागच्या शब्दातच राहतं आणि त्या एका शब्दापायी पुढची ओळ जाते. याला सरावाशिवाय दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

आणि आता ती गोष्ट ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. उतरवा. प्रत्येक डिक्टेशन उतरवून काढा, टाइप करून, मूळ उताऱ्याशी लाल पेनने ताडून. मुलं रोज वीस डिक्टेशन घेतात आणि दोनच उतरवतात, कारण घेण्यात मजा आहे, उतरवण्यात कष्ट आहेत. वीस घेऊ नका, पाच घ्या आणि पाचही उतरवा. शिवाय दर रविवारी महिनाभरापूर्वीच्या वहीतलं एक पान काढून वाचायचं, मूळ उतारा न बघता. तेव्हाची आठवण पुसली गेलेली असते, फक्त तुमची अक्षरं उरतात. आठवणीच्या आधाराने वाचत होतात की खरंच लिहिलेलं वाचत होतात ते त्या दिवशी समजतं. नोकरीत हे रोज होतं, साहेब तीन दिवस जजमेंट सांगतात, मध्ये बोर्डावरचं, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतलं, दुसरं काम येतं, आणि सोमवारी घेतलेली वही तुम्ही गुरुवारी उघडता.

फ्रेज म्हणजे दोनचार शब्द जोडून एकच आउटलाइन. कोर्टाच्या भाषेत त्याच त्या गोष्टी इतक्या वेळा येतात की तुमच्या स्वतःच्या पन्नास-साठ फ्रेज ठरलेल्या असल्या की वेग आपोआप वाढतो. "वादीचे म्हणणे असे की", "सदर अर्ज मंजूर करण्यात येत आहे", "उभय पक्षांचा युक्तिवाद ऐकला", "अभिलेखावरून असे दिसते की", "सरकार पक्षाने आरोप नि:संशयपणे सिद्ध केला नाही". यात एकच पथ्य, होकारी आणि नकारी फ्रेज कधीही एकसारख्या दिसणाऱ्या ठेवायच्या नाहीत. "सिद्ध केला आहे" आणि "सिद्ध केला नाही" यांच्या आउटलाइन दुरून पण वेगळ्या दिसल्या पाहिजेत. मी नकाराला वेगळी पूर्ण आउटलाइन काढते, जोडत नाही, एक सेकंद जास्त गेला तरी चालेल.

शब्दसंग्रहाची वेगळी वही करा. सरतपास, उलटतपास, फेरतपास, निशाणी, मुद्देमाल, पंचनामा, फिर्याद, कैफियत, हुकूमनामा, तहकूब, रोजनामा, मनाई हुकूम, वाटप, वहिवाट. जमिनीच्या दाव्यात चतुःसीमा येतात, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, मग गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि तिथे एक आकडा चुकला की निकाल हातात असून अंमलबजावणीत माणूस दहा वर्षं फिरतो. आकडे ऐकले की मी मोठे आणि सुटे लिहिते आणि शंका आली तर तिथेच विचारते. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आलेत, खुनाचं ३०२ आता न्याय संहितेत १०३, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांनी चालतात, त्यामुळे एकाच दिवशी बोर्डावर दोन्ही असतात आणि दोन्ही आकडे तोंडपाठ हवेत.

सगळ्यात अवघड साक्ष डॉक्टरांची. कन्ट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, इन्साइज्ड वूंड, अ‍ॅब्रेजन, पराय्टल, टेम्पोरल, ऑक्सिपिटल, आणि सगळ्याची मापं सेंटिमीटरमध्ये. शरीराच्या हाडांची नावं आणि जखमांचे प्रकार आधीच पाठ करून ठेवा, साधारण दीडशे शब्द होतात, पंधरा दिवसांचं काम आहे. आणि गावाकडची बोली. विदर्भातला साक्षीदार बांधाला धुरा म्हणतो, शेताला वावर म्हणतो. कुऱ्हाडीच्या पात्याने मारलं की दांड्याने मारलं यावर जखम आणि पुढे कलमही बदलू शकतं. बदली दुसऱ्या भागात झाली की पहिल्या महिन्यात तिथल्या शिपाईमामांशी, नाझरसाहेबांशी बोलून शब्द समजून घ्यायचे, मला अशी मदत फार झाली.

विचारायला लाजू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. ऐकू आलं नाही तर "साहेब, पुन्हा एकदा सांगता का" म्हणायचं. नवीन असताना भीती वाटते की आपल्याला काही येत नाही असं वाटेल. मी एकदा भीतीपोटी अंदाजाने तारीख टाकली, ती चुकीची होती, साक्ष वाचून दाखवताना साक्षीदारानेच चूक काढली म्हणून वाचले. साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, फौजदारीत त्यासाठी कलमच आहे, नवीन संहितेत ३१३. ती पायरी घाईत उरकली जाऊ शकते. तुम्ही स्वतः टाइप केलेलं असतं, तुम्ही सावकाश आणि स्पष्ट वाचा, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत वाचा, त्याला समजलं नाही तर चेहऱ्यावर दिसतं.

गुप्ततेचं पण सांगायला हवं. निकाल जाहीर व्हायच्या आधी तो तुम्हाला माहीत असतो. वकील ओळखीचे होतात, पक्षकार चहाच्या टपरीवर भेटतात, कोणी सहज विचारतं "मॅडम काय झालं हो". काहीही सांगायचं नाही, घरी नवऱ्याला पण नाही. पोक्सोच्या आणि बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे, ऑर्डर अपलोड व्हायच्या आधी नाव, गाव, शाळा, आईवडिलांची नावं कुठे राहिलीत का ते ओळ न ओळ बघायचं. एकदा साइटवर गेलं की ते कोणाच्या फोनमध्ये जाईल सांगता येत नाही, आणि ती मुलगी त्याच गावात राहत असते.

परीक्षेच्या दिवशी डिक्टेशन अनोळखी आवाजात असतं, हॉलमध्ये पंखा घरघरत असतो, की-बोर्ड वेगळा असतो. म्हणून सराव एकाच आवाजावर करू नका. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं कामकाज सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवतात, ते लावून पाच मिनिटं घ्यायचा प्रयत्न करा, सगळं मिळणार नाहीच, पण कानाला वेगवेगळ्या लोकांच्या इंग्रजीची सवय होते. परीक्षेत उतरवायला बसलात की आधी वही एकदा पूर्ण वाचा, अडलेल्या जागी पेन्सिलने शब्द लिहा, मग टाइप करा. शेवटची पाच मिनिटं नुसती वाचायला ठेवा, आणि वाचताना फक्त "नाही", आकडे आणि नावं शोधा.

आता एआय आलंय मग स्टेनो लागणार का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. २१ फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने एआयने थेट ट्रान्सक्रिप्शन सुरू केलं, आणि ते आपल्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्याच सुनावणीत. हे वाढत जाणार आहे आणि त्याला घाबरून उपयोग नाही, शिकून घ्या. पण तालुका कोर्टात तीन माणसं एकदम बोलत असतात, साक्षीदार रडत असतो, मध्येच आपल्या बोलीतला शब्द येतो, आणि न्यायाधीशांनी "हे घेऊ नका" म्हटलं तर ते घ्यायचं नसतं, हे सगळं समोर बसलेल्या माणसाला कळतं. यंत्राने लिहिलेलं सुद्धा कोणीतरी मूळ बोलण्याशी ताडून तपासायला लागणारच, आणि ज्याचा कान तयार आहे तोच ते करू शकेल. त्यामुळे कान तयार करण्यात घालवलेली दोन वर्षं वाया जातील असं मला वाटत नाही. माझा सल्ला एवढाच की टायपिंगबरोबर वर्ड, पीडीएफ, ई-कोर्ट्सची प्रणाली यातही हात बसवा.

वेळेचं विचाराल तर नियमित बसणाऱ्याला पदवीच्या अभ्यासासोबत अडीच ते तीन वर्षं, पूर्णवेळ दिला तर दोन. रोज तीन तास, सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड, एकदम सलग बसलात तर मनगट आणि मान दोन्ही धरतात. ६० ते ८० हा टप्पा पटकन होतो, ८० ते १०० ला बहुतेक जण रखडतात, तीनचार महिने वेग हलतच नाही, तेव्हा थिअरीच्या धड्यांकडे परत जा, बहुतेक वेळा अडचण हातात नसते, काही आउटलाइन डोक्यात पक्क्या नसतात म्हणून हात थांबतो.

कोर्टाची जाहिरात दरवर्षी येत नाही. म्हणून मधल्या काळात बाकीच्या जागांचे अर्ज भरत राहा. राज्य शासनात लघुटंकलेखक ८०, निम्नश्रेणी लघुलेखक १००, उच्चश्रेणी लघुलेखक १२० अशी पदं वेगवेगळ्या खात्यांत निघतात. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची स्टेनो परीक्षा असते, ग्रेड डी ला ८० आणि ग्रेड सी ला १०० चा वेग, दहा मिनिटांचं डिक्टेशन, तिथे इंग्रजी किंवा हिंदी. मुंबई-पुण्यात लवादाच्या सुनावण्यांना आणि मोठ्या वकिलांकडे खाजगी स्टेनो लागतात. सरकारी नोकरी लागेपर्यंत एखाद्या वकिलाकडे सहा महिने काम केलंत तर कोर्टाची भाषा फुकटात शिकाल, पगार कमी असला तरी करा. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, सगळी वेगाची सर्टिफिकेटं यांचे स्कॅन एका फोल्डरमध्ये आताच करून ठेवा आणि सर्टिफिकेटवरचं नाव दहावीच्या नावाशी जुळतंय का ते आजच बघा, कारण अर्जाची मुदत पंधरा-वीस दिवसांची असते आणि नावातली चूक दुरुस्त व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो.